दुपारी मान टाकणारी जास्वंद

गेल्या आठवड्यात भर दुपारी शेजारच्या काकूंनी हाक मारली. त्यांच्या पडवीसमोरची लाल जास्वंद मान टाकून उभी होती. शेंड्याकडची पानं देठापासून लोंबलेली, एक न उमललेली कळी गळून आळ्यात पडलेली. काकूंच्या हातात भरलेली कळशी. "सकाळीच दोन कळश्या घातल्या रे, तरी बघ कशी झाली!" मी आळ्यात दोन पेरं बोट खुपसलं. माती ओली होती, थंडगार होती. म्हटलं, "काकू, आता घालू नका. उद्या उठल्या उठल्या बघा." सकाळी सहाला त्यांनीच बोलावून दाखवलं, तीच पानं ताठ!

पान लोंबलं म्हणजे झाड तहानलं, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. पण दरवेळी तसं नसतं, आणि जादा पाणी उलट मुळांवर उठतं. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते आणि मुळांना ती श्वासासाठी लागते. दिवसातून तीनदा आळं भरलं की मुळं गुदमरतात, कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही, मग पान पुन्हा लोंबतं आणि आपण पुन्हा कळशी आणतो.

मग ओल्या मातीतलं झाड दुपारी मान का टाकतं? उत्तर पानाच्या पाठीवर आहे आणि ते प्रत्येकाने एकदा तरी बघावं. पानाच्या खालच्या अंगाला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात द्या. वाळलं की चिकटपट्टीने अलगद सोला, पट्टी काचेवर लावून शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरा. इवली इवली तोंडं दिसतील. ही पर्णरंध्रं. प्रत्येक तोंडाला राजम्याच्या दाण्यासारखे वळलेले दोन ओठ असतात, त्या रक्षक पेशी.

उजाडलं की या पेशी पोटॅशियमचे आयन आत ओढतात. आत क्षार वाढले की परासरणाने, म्हणजे जिकडे क्षार जास्त तिकडे पाणी सरकतं त्या ओढीने, पाणी मागोमाग येतं आणि पेशी फुगतात. खरी कमाल पुढे आहे. पेशीच्या भिंतीत सेल्युलोजचे धागे पिंपाच्या कड्यांसारखे भोवती गुंडाळलेले असतात, म्हणून ती जाडीला फुगू शकत नाही, लांबीलाच ताणली जाते. त्यात रंध्राकडची भिंत जाड आणि बाहेरची पातळ. दोन्ही टोकं एकमेकींना जखडलेली असल्याने पेशी बाहेरच्या अंगाला वाकते आणि दोन ओठांमध्ये फट पडते. कार्बन डायऑक्साइड आत येतो, वाफ बाहेर जाते. मुळांनी ओढलेलं 90 टक्क्यांहून जास्त पाणी असं उडून जातं, आणि 1 ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे 2400 ज्यूल उष्णता पानातून निघून जाते. पाण्याची तूट वाढली की अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक रक्षक पेशींना गाठतं, पोटॅशियम बाहेर पडतं, पेशी ढिल्या होतात, फट मिटते.

दुपारी दीडला मुळं जेवढं पाणी चढवतात त्याहून जास्त वाफ उडते. पानाच्या पेशींतला पाण्याचा दाब उतरतो, पान लोंबतं. रात्री रंध्रं मिटलेली आणि मुळं ओढतच असतात, त्यामुळे पहाटेपर्यंत तूट भरून निघते. म्हणून झाडाची तहान पहाटे तपासावी. तेव्हाही पान लोंबलेलं आणि माती कोरडी असेल तर पाणी घाला. माती ओली असून लोंबलेलं असेल तर मुळं बिघडली आहेत.

याच वाडीत मासिक पाळीतल्या बाईची सावली पडली की मोगरा सुकतो असं अजून सांगितलं जातं आणि सुनांना चार दिवस फुलझाडांपासून दूर ठेवलं जातं. मला याचा संताप येतो. रक्षक पेशीला उजेड कळतो, पाण्याचा ताण कळतो, कार्बन डायऑक्साइड कळतो. विटाळ कळायची सोय तिच्यात नाही. मोगरा दुपारी कोणासमोरही लोंबतो.

आता आपल्या कोकण किनाऱ्याचं. 34 अंशांना 1 घनमीटर हवेत साधारण 37 ग्रॅम वाफ मावते. आर्द्रता 65 टक्के असेल तर आणखी 13 ग्रॅमना जागा उरते. विदर्भात 42 अंश आणि 20 टक्के आर्द्रता असेल तर हीच जागा 45 ग्रॅमची होते. म्हणजे तिकडची हवा जवळजवळ साडेतीन पट कोरडी ओढ लावते. तिकडचं पाण्याचं माप इथे आणू नये. पण दमट हवेत आपला घाम वाळत नाही, तसं पानही नीट थंड होत नाही. म्हणून इथे जादा कळशीपेक्षा दुपारपुरता झावळ्यांचा आडोसा जास्त कामाचा. जांभ्याची माती पाणी धरत नाही, तेव्हा आळ्यात चार बोटं पातेरा, म्हणजे वाळका पाला, पसरा नाहीतर नारळाची सोडणं उलटी मांडा, बुंध्याला न टेकवता.

खाडीलगतच्या विहिरींची गोष्ट वेगळी. मे महिन्यात गोडं पाणी खाली गेलं की खारं आत शिरतं. कुंडीच्या कडेला पांढरा थर धरला तर समजा, मातीतले क्षार पाणी धरून ठेवताहेत, मुळांना ओढू देत नाहीत. जमेल तेव्हा गोडं पाणी तळातून वाहून जाईपर्यंत सोडा.

आणि एवढ्या उन्हात रस्त्याकडेची कण्हेर कशी फुललेली असते? तिच्या पानाची पट्टी काढलीत तर नीट रंध्रं दिसणारच नाहीत. ती पानाच्या पाठीवरच्या खळग्यांत, बारीक लवेच्या आड असतात. तिथली दमट हवा वाऱ्याने सहज उडत नाही. ती बघायला ब्लेडने पानाचा आडवा पातळ काप घ्यावा लागतो. कण्हेर विषारी आहे, काप घेतल्यावर हात साबणाने धुवा.