अरगॉन आधी का, पोटॅशियम नंतर का? समस्थानिके आणि समभारिके यांची पार्श्वभूमी

एकाच मूलद्रव्याचे, पण वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू म्हणजे समस्थानिके; वेगवेगळ्या मूलद्रव्यांचे, पण सारख्याच अणुवस्तुमानांकाचे (केंद्रकातल्या प्रोटॉन व न्यूट्रॉनांच्या एकूण संख्येचे) अणू म्हणजे समभारिके. समस्थानिकांना पाठ्यपुस्तकात हायड्रोजन, कार्बन, क्लोरीन अशी भरपूर उदाहरणे मिळतात. समभारिकांची बोळवण बहुधा अरगॉन-४० आणि कॅल्शियम-४० (नावापुढचा आकडा हा अणुवस्तुमानांक) या एका जोडीवर होते. हा अन्यायच आहे, कारण आवर्तसारणीतला एक जुना वाद अखेर समभारिकांमुळेच मिटला.

हवेतला अरगॉन १८९४ मध्ये सापडला. त्याचा अणुभार ४० च्या आसपास निघाला, तर पोटॅशियमचा ३९.१ होता. सारणी तेव्हा अणुभाराच्या चढत्या क्रमाने लावत. तो नियम पाळला, तर पाण्यात टाकताच पेट घेणारा धातू निष्क्रिय वायूंच्या रांगेत जाऊन बसतो. अरगॉन हे मूलद्रव्यच नाही, तो तीन अणू जोडलेला नायट्रोजन असावा, असेही सुचवून झाले. शेवटी गुणधर्म पाहून नियम मोडला आणि अरगॉनला आधी बसवले. निर्णय बरोबर होता, पण त्याचे समर्थन करायला हाताशी काहीच नव्हते.

ते १९१३ मध्ये मिळाले. क्ष-किरणांच्या प्रयोगांतून क्रम केंद्रकावरच्या प्रभारानुसार, म्हणजे अणुअंकानुसार ठरतो असे दिसले: अरगॉन १८, पोटॅशियम १९. त्याच वर्षी समस्थानिकांची कल्पना मांडली गेली. समभारिकांना नाव मिळाले ते पाच वर्षांनी.

तरी अरगॉन जड का, हा प्रश्न उरलाच. हवेतला ९९.६ टक्के अरगॉन हा अरगॉन-४० असतो आणि बहुतांश पोटॅशियम पोटॅशियम-३९ असते, हे समस्थानिकांनी दाखवले. पण मग एवढा अरगॉन-४० आला कुठून? पोटॅशियम-४० मधून. त्याच्या दर शंभर केंद्रकांपैकी सुमारे ८९ कॅल्शियम-४० होतात आणि ११ च्या आसपास अरगॉन-४०. अणुअंक बदलतो, अणुवस्तुमानांक तोच राहतो, म्हणजे ही तिन्ही एकमेकांची समभारिके. अर्धायुष्य, म्हणजे निम्मी केंद्रके बदलायला लागणारा काळ, सुमारे १२५ कोटी वर्षे. हा तर्क १९३७ मध्ये मांडला गेला आणि १९४८ मध्ये जुन्या पोटॅशियमयुक्त खनिजांत जादा अरगॉन-४० सापडला. सूर्यात अरगॉन-३६ चे प्रमाण सर्वाधिक आहे. तिथला अरगॉन मोजला असता, तर हा वाद उद्भवलाच नसता!

खडकांचे वय काढण्याची पोटॅशियम-अरगॉन पद्धत यातूनच आली. प्रयोगशाळेत मात्र समभारिके त्रासच देतात. अरगॉनच्या प्लाझ्मावर (अतितप्त, आयनीभूत वायूवर) चालणाऱ्या वस्तुमानमापकात, म्हणजे अणू वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, अरगॉन-४० आणि कॅल्शियम-४० यांचे संकेत एकाच जागी पडतात, म्हणून कॅल्शियम मोजताना बऱ्याचदा त्याचे कॅल्शियम-४४ हे समस्थानिक निवडतात.