केरळमध्ये माणसे बिहारपेक्षा जास्त मरतात का?

मध्यंतरी एका व्हॉट्सॲप समूहावर एक तक्ता फिरत होता. त्यात केरळचा वार्षिक मृत्युदर दर हजारी ७.० आणि बिहारचा ५.४ असा दाखवून खाली विजयी सुरात विचारले होते की, मग केरळच्या आरोग्यसेवेचे एवढे कौतुक कशासाठी? आकडे खोटे नव्हते. निवडक गावे-वस्त्यांतील जन्म-मृत्यू मोजून दर काढणाऱ्या केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी प्रणालीच्या २०२० सालच्या आकडेवारीत ते तसेच आहेत. मात्र त्याच आकडेवारीत हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बालके केरळात ६ आणि बिहारमध्ये २७ आहेत, आणि हा रकाना तक्त्यातून गळालेला होता.

सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात, म्हणजे ज्याला सगळे ‘एमपीएच’ म्हणतात त्यात, विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच हे कोडे सोडवावे लागते. या वर्गात डॉक्टर असतात, तसेच परिचारिका, समाजकार्याचे पदवीधर आणि नोकरी सांभाळून शिकणारे आरोग्य अधिकारीही असतात. रुग्ण तपासण्यात वीस वर्षे घालवलेला डॉक्टरही येथे पहिल्या आठवड्यात अडखळतो, कारण त्याला समोरचा माणूस पाहण्याची सवय असते, आणि येथे भागाकाराच्या रेषेखाली कोण आहे ते पाहायचे असते.

दोन काल्पनिक तालुके घेऊ, प्रत्येकी एक लाख वस्तीचे. ‘अ’ तालुका कोकणातल्यासारखा, जेथील तरुण मुंबईला गेले आहेत: पंधरा वर्षांखालील २० हजार, पंधरा ते एकोणसाठ वयाचे ६० हजार आणि साठीपुढचे २० हजार. या तीन गटांतील मृत्युदर हजारी अनुक्रमे १, २ आणि ३५ मानू. वर्षभरातील मृत्यू २०, १२० आणि ७००, एकूण ८४०. म्हणजे ढोबळ मृत्युदर, वय न पाहता काढलेला सरसकट दर, हजारी ८.४. ‘ब’ हा दुर्गम तालुका: मुले ४० हजार, मधल्या वयाचे ५४ हजार, वृद्ध अवघे ६ हजार. येथे प्रत्येक गटाचा मृत्युदर ‘अ’पेक्षा जास्त आहे, हजारी ६, ४ आणि ४५. तरीही मृत्यू २४०, २१६ आणि २७० मिळून ७२६ होतात आणि ढोबळ दर सुमारे ७.३ निघतो. प्रत्येक वयात माणूस ‘ब’मध्ये अधिक मरतो, आणि तरी एकूण आकड्यात ‘ब’ अधिक निरोगी दिसतो! केरळात वृद्धांचे प्रमाण जास्त आणि बिहारमध्ये मुलांचे, म्हणून त्या तक्त्यातही हेच घडले.

यावरचा उपाय म्हणजे वयोप्रमाणीकरण. दोन्ही तालुक्यांचे वयोगटनिहाय दर एकाच प्रमाण लोकसंख्येला लावायचे. समजा त्या लाखात मुले ३० हजार, मधले ६० हजार आणि वृद्ध १० हजार आहेत. ‘अ’च्या दरांनी तेथे ३० + १२० + ३५० म्हणजे ५०० मृत्यू होतील, तर ‘ब’च्या दरांनी १८० + २४० + ४५० म्हणजे ८७०. ५.० विरुद्ध ८.७: चित्र उलटले. प्रमाण लोकसंख्या बदलली तर हे आकडेही बदलतात, म्हणून असा दर एकटा वाचायचा नसतो, तुलनेतच वाचायचा असतो. तालुका इतका लहान असेल की एखाद्या वयोगटात दोनचारच मृत्यू घडतात, तर रीत उलटी करतात: प्रमाण लोकसंख्येचे वयोगटनिहाय दर तालुक्याच्या लोकसंख्येला लावून अपेक्षित मृत्यू काढतात आणि प्रत्यक्ष मृत्यूंना त्यांनी भागतात.

ही युक्ती विषमतेवरच्या वादातूनच जन्मली. १८४२ साली समाजसुधारक एडविन चॅडविक यांनी इंग्लंडमधील श्रमिकांच्या वस्त्यांवरील अहवालात मृत्यूसमयीच्या सरासरी वयाची तुलना केली: मँचेस्टरमधील मजुरांचे १७, तर तेथील प्रतिष्ठितांचे ३८. तफावत खरी होती, पण मोजपट्टी सदोष होती, कारण ज्या वस्तीत मुले जास्त तेथे हे सरासरी वय आपोआप खाली येते. १८४४ मध्ये विमागणिती नीसन यांनी नेमका हाच आक्षेप घेतला आणि एका वस्तीचे दर दुसऱ्या वस्तीच्या वयोरचनेला लावून दाखवले. ‘पूर्वीची माणसे सहज नव्वदी गाठत, कारण घरचे तूप आणि शुद्ध हवा’ असे सांगणाऱ्यांचीही गफलत याच घराण्यातली आहे. तान्हेपणी गेलेल्या भावंडांची छायाचित्रे भिंतीवर नसतात.

आता खरा अवघड प्रश्न. वयाचा परिणाम काढून टाकला, मग उत्पन्नाचा, आईच्या शिक्षणाचा, रुग्णालयापर्यंतच्या अंतराचाही का काढू नये? गणित आडवे येत नाही. समीकरणात रकाने वाढवत नेले तर ‘अ’ आणि ‘ब’ अखेरीस सारखे दिसू लागतील. पण मग जे मोजायला निघालो तेच पुसून टाकले. म्हातारपणी मृत्यू अधिक असणे हा अन्याय नव्हे. रस्ता नाही म्हणून बाळंतीण दगावणे हा आहे. सार्वजनिक आरोग्याच्या ब्रिटिश अभ्यासक मार्गारेट व्हाइटहेड यांनी आरोग्यातील साधा फरक आणि विषमता यांत हीच रेघ ओढली: जो फरक अनावश्यक आहे, टाळता येण्याजोगा आहे आणि अन्याय्यही आहे, तो विषमता. कोणता रकाना समीकरणात घालायचा हे संगणक सांगत नाही, आणि एमपीएच करताना शिकण्यासारखे बरेचसे येथेच आहे. अशी समीकरणे सोडवणाऱ्या संगणक प्रणालीचे प्रमाणपत्र चार दिवसांत देणाऱ्या जाहिरातींबद्दल माझे मत त्यामुळेच फारसे चांगले नाही.

अर्थात हे सारे मृत्यूंची नोंद झाली तर. घरी जन्मून दुसऱ्या दिवशी गेलेले मूल अंशातही येत नाही आणि छेदातही नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८४ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून हीच पदवी घेतली, १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली आणि गावोगावचे जन्म-मृत्यू मोजण्याची व्यवस्था उभारली. गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाच्या घरगुती काळजीचे प्रशिक्षण देऊन ३९ गावांत ती सेवा पुरवली आणि तुलनेसाठी ४७ गावे ठेवली. सेवेच्या गावांत हजार जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून देशभरातील आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन करतात आणि त्याची नोंद ठेवतात.