कॅलरीमापीचा स्थिरांक आम्ही छापून का देत नाही

आमचे दुपदरी कॅलरीमापी (प्रक्रियेतील उष्णता मोजण्याचे भांडे) वापरणाऱ्या प्रयोगशाळांची नेहमीची तक्रार अशी असते की, तीव्र आम्ल व तीव्र आम्लारी यांच्या उदासिनीकरणाची (ती मिसळून क्षार व पाणी बनण्याची) एन्थाल्पी, म्हणजे स्थिर दाबाला होणारी उष्णतेची देवघेव, दर मोलला सुमारे ऋण ५७ किलोजूल यायला हवी, ती ऋण ५२ च्या आसपासच येते, म्हणजे भांड्यातून उष्णता निसटत असली पाहिजे. अशी परत आलेली बहुतेक भांडी तपासणीत निर्दोष निघतात आणि तुमचे व आमचे दिवस मात्र जातात.

प्रत्येकी १ मोलर तीव्रतेचे ५० मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आम्ल व ५० मिलिलिटर सोडियम हायड्रॉक्साइड मिसळल्यावर तापमान ६.२ अंशांनी वाढले, असे समजा. १०० ग्रॅम द्रावण, ४.१८ ही विशिष्ट उष्माधारकता (एक ग्रॅम द्रावण एक अंशाने तापवायला लागणारे जूल) आणि ६.२ यांचा गुणाकार २,५९२ जूल होतो; ०.०५ मोलने भागल्यावर ५१.८ किलोजूल मिळतात. आकडेमोड बिनचूक आहे, पण आतला पेला, ढवळणी आणि तापमापीचे बुडालेले टोक यांनी शोषलेली उष्णता त्यात धरलेलीच नाही. त्यांचा स्थिरांक, म्हणजे त्यांना एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता, दर अंशाला ४१ जूल असेल, तर त्याच वाढीवरून उत्तर ५६.९ येते.

मग हा स्थिरांक खोक्यावरच का छापत नाही, असे विचारले जाते. तापमापी बदलला, द्रावणाची पातळी बदलली की तो बदलतो; छापलेला आकडा तुमच्या मेजावर खरा ठरेलच असे नाही. तो काढायला जेमतेम पाव तास लागतो. पेल्यात ५० मिलिलिटर थंड पाणी घेऊन, झाकण लावून पाच मिनिटे थांबावे, त्यात तेवढेच गरम पाणी ओतावे आणि ढवळत दर अर्ध्या मिनिटाला तापमान टिपून, आलेखावरील उतरती रेषा मागे वाढवून मिसळण्याच्या क्षणाचे तापमान वाचावे. थंड पाणी २५.०, गरम पाणी ४५.० आणि मिश्रण ३४.१ अंश असेल, तर गरम पाण्याने गमावलेल्या उष्णतेतून थंड पाण्याने मिळवलेली वजा करून, थंड पाण्याच्या तापमानवाढीने भागल्यावर स्थिरांक सुमारे ४१ निघतो.

खरी चूक इथेच होते. गरम पाण्याचे तापमान शेगडीजवळ नोंदवले जाते, मग मोजपात्र शोधले जाते, कोणीतरी शंका विचारते, आणि ४५ अंश म्हणून लिहिलेले पाणी प्रत्यक्षात ४४ अंशांवर ओतले जाते. एवढ्या एका अंशाने स्थिरांक ४१ ऐवजी सुमारे ६५ निघतो आणि उदासिनीकरणाचे उत्तर ६० च्या घरात जाते. मग भांडे उष्णता निर्माण करते की काय, अशीही विचारणा आमच्याकडे झाली आहे! तापमान ओतण्याच्या अगदी क्षणभर आधी, ढवळून आणि त्याच तापमापीने घ्यावे.

झाकण सैल का, हाही प्रश्न येतो. स्थिर दाबाला मोजलेली उष्णता म्हणजेच एन्थाल्पीतील बदल, म्हणून ते हेतुतः हवाबंद केलेले नाही. कृपया त्यावर चिकटपट्टी लावू नये. जस्त आणि आम्लाच्या प्रयोगात हायड्रोजनला बाहेर पडायला वाट लागतेच. दोन छिद्रांचे जादा झाकण आणि ०.१ अंशापर्यंत वाचता येणारा तापमापी आमच्याकडे स्वतंत्रपणेही मिळतो.

भांडे परत पाठवण्यापूर्वी गरम पाण्याच्या दोन प्रयोगांच्या नोंदी आम्हाला कळवाव्यात. त्या तपासून देण्याचे आम्ही शुल्क घेत नाही.