ऊर्जासुरक्षा : ठाणे आणि नवी मुंबई

इंधन आणि वीज हवी तेव्हा, न खंडता आणि परवडेल अशा दरात मिळण्याची खात्री म्हणजे ऊर्जासुरक्षा. १९७३ च्या तेलसंकटानंतर या विचाराला जगभर महत्त्व आले. भारत गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आणि जवळपास निम्मा नैसर्गिक वायू बाहेरून आणतो.

ठाणे-नवी मुंबईत हे परावलंबन चटकन जाणवत नाही. अरबी समुद्रातील बॉम्बे हाय या तेल-वायू क्षेत्राचा वायू समुद्राखालच्या वाहिन्यांतून शेजारच्या उरणलाच उतरतो. पण तिथलेच ६७२ मेगावॅटचे सरकारी वायू विद्युत केंद्र वायूअभावी वर्षानुवर्षे पूर्ण क्षमतेने चाललेले नाही. देशी वायू घरगुती पाईप गॅस आणि सीएनजीला आधी मिळतो. तो कमी पडला की महागडा, काही वेळा आयात केलेला वायू घ्यावा लागतो. तेलासाठी विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर येथे भूमिगत राखीव साठे आहेत, नैसर्गिक वायूसाठी नाहीत.

याची झळ रिक्षावाल्याला सर्वांत आधी लागते. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये स्वस्त देशी वायूचा वाटा कापला गेला आणि नोव्हेंबरातच सीएनजी किलोमागे २ रुपयांनी महागला. मीटरचे किमान भाडे मात्र २३ चे २६ झाले ते १ फेब्रुवारी २०२५ पासून. मधल्या काळात रात्री पंपावर रांग लावून गॅस भरणाऱ्याने तो फरक स्वतःच्या खिशातून सोसला. ऊर्जासुरक्षेच्या चर्चेत हा खिसा मोजला गेला पाहिजे.

सोसायटीच्या गच्चीवरील सौर पॅनेलची जुळणी आता देशात होते, तरी त्यासाठी लागणारे वेफर, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकत्या, बहुतांशी चीनकडून येतात. हे परावलंबन वेगळ्या जातीचे आहे : वायू थांबला तर रिक्षा दुसऱ्या दिवशी उभी राहते, बसवलेले पॅनेल मात्र पंचवीसेक वर्षे वीज देत राहते.

पुरवठा केवळ इंधनावर अवलंबून नसतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी, सोमवारी सकाळी, कळवा-पडघा भागातील पारेषण यंत्रणेतील (वीज वाहून नेणाऱ्या उच्चदाब वाहिन्या आणि उपकेंद्रे) बिघाडानंतर मुंबईसह ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. इमारतींत पंप बंद पडले आणि वरच्या टाकीत पाणी चढेना. राज्य सरकारने पुढे सायबर घातपाताचा संशय व्यक्त केला, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हे कारण सांगितले. त्या दिवशी वीज गेली ती इंधनाच्या टंचाईमुळे नव्हे.