चुली किती, तेवढी कुटुंबं?

आमच्या गल्लीत दोन भावांचं दुमजली घर आहे. खाली थोरला, वर धाकटा. शेगड्या दोन, गॅसची पुस्तकं दोन. लोणच्याची बरणी मात्र एकच, खालच्या फडताळात. गौरी-गणपती थोरल्याकडे. म्हाताऱ्या आईचा चहा खाली आणि जेवण वर. 2011 च्या जनगणनेत या घराची दोन कुटुंबं लागली आणि त्यात प्रगणकाचं काही चुकलं नव्हतं. एरवी एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब, अशी जनगणनेची व्याख्याच आहे. तिला नात्याचीही अट नाही. भाड्याच्या फ्लॅटमध्ये मिळून कुकर लावणारे चार मित्रसुद्धा त्या हिशेबात एक कुटुंब.

आपणही भाऊ वेगळे झाले की 'चूल वेगळी झाली' असंच म्हणतो. सातबाऱ्याचं नंतर बघतात. इरावती कर्वे यांनी 1953 साली एकत्र कुटुंबाची व्याख्या केली, तीत एक छप्पर आणि एक चूल होतीच, पण सामाईक मालमत्ता, सामाईक कुळाचार आणि आपसातलं नातंही होतं. जनगणना त्यातलं छप्पर आणि चूल तेवढी उचलते, कारण ती दारात उभं राहून मोजता येते. बरणी कोण मोजणार?

'पूर्वी सगळे एकत्र असायचे' हे वाक्य तपासायला पुण्याजवळचं लोणीकंद उपयोगी पडतं. पेशवाई बुडाल्यावर लगेच, 1819 साली, थॉमस कोट्स या कंपनी सरकारच्या डॉक्टरनं या गावाची बारकाईनं नोंद केली होती. पुढे पॉलीन कोलेंडा या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी त्या नोंदी 1958 आणि 1967 च्या माहितीशी ताडून पाहिल्या. छोटी कुटुंबं 1819 मध्येही भरपूर होती आणि मधल्या दीडशे वर्षांत एकत्र कुटुंबं विरून गेली, असं काही दिसलं नाही.

यामागे साधं गणित आहे. आजोबा हयात, दोन मुलगे हाताशी आलेले, दोघांची लग्नं झालेली, एवढं जुळलं तर एकत्र कुटुंब. 1951 च्या सुमारास भारतात सरासरी आयुर्मान जेमतेम 32 वर्षं होतं. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा, हे खरं. पण त्याआधी प्लेग आणि 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीनं कर्ती माणसंही नेली होती. नातवंडं मांडीवर घेईपर्यंत टिकणारे आजोबा हे त्या काळी नशीबच. आता आजोबा टिकतात, पण मुलगे कमी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा जननदर बाईमागे 1.7 आला. एकच मुलगा असेल तर भावाभावांचं एकत्र कुटुंब आणायचं कुठून?

शिवाय तेच घर वीस वर्षांत रूप पालटतं. नवराबायको, मग पोरं, मग सून, मग वाटणी, मग एकटी आजी. सर्वेक्षण म्हणजे या प्रवासात मध्येच काढलेला फोटो. त्याच सर्वेक्षणाच्या फोटोत देशातली सुमारे 58 टक्के घरं विभक्त आणि 18 टक्के घरांच्या प्रमुख बायका दिसतात. त्या 18 टक्क्यांत विधवा आहेत, घटस्फोटिता आहेत, नवरा कामाला परगावी असलेल्याही आहेत. बीड भागातून ऊसतोडीला कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, निघाली की सहा महिने गावात आजी आणि नातवंडं उरतात. जानेवारीत मोजलं तर एक प्रकार, मे महिन्यात मोजलं तर दुसरा!

कायद्यालाही हे सावकाश उमजतंय. चंडीगडच्या एका परिचारिकेनं नवऱ्याच्या पहिल्या लग्नाच्या मुलांसाठी बालसंगोपन रजा घेतली होती. म्हणून तिच्या स्वतःच्या पहिल्या बाळंतपणाची रजा नाकारली गेली. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रजा मंजूर केली आणि एकल पालक, पुनर्विवाह, लग्नाविना सोबत राहणारी किंवा समलिंगी जोडपी हीसुद्धा कुटुंबाची रूपं आहेत, असं नोंदवलं. पुढच्याच वर्षी समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला मात्र त्याच न्यायालयानं नकार दिला.

आमच्या गल्लीतल्या त्या आजींचं नाव कुठल्या मजल्यावर लिहायचं, हे प्रगणकानं शेवटी त्यांनाच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, ''चहाचं धरत असाल तर खाली लिहा, जेवणाचं धरत असाल तर वर.''