पायाला कळतंय का? दहा ग्रॅमची परीक्षा

पायातली चप्पल निसटली आणि चार पावलं पुढे गेल्यावर ते ध्यानात आलं, तर दोष चप्पलेच्या पट्ट्याला देऊ नका. मधुमेहात सगळ्यात लांब मज्जातंतूंना आधी इजा होते, आणि ते पायाच्या बोटांशी संपतात. म्हणून बधिरपणा बोटांपासून मोज्यासारखा वर चढतो. कुणाला मुंग्या येतात, आग होते. पण पुष्कळांना काहीच होत नाही, आणि खरी भीती त्यांचीच. एप्रिलच्या दुपारी ठाण्याच्या कौपिनेश्वर मंदिराच्या आवारातली तापलेली फरशी ज्याला चटकत नाही, त्याला तळव्याचा फोड घरच्यांनी दाखवावा लागतो.

तपासणीचं मुख्य साधन म्हणजे दांडीला लावलेला नायलॉनचा एक तंतू, मोनोफिलामेंट. तो वाकला की त्वचेवर 10 ग्रॅमचा दाब पडतो. आधी तो हाताला टेकवून 'असं लागेल' हे दाखवायचं, मग पेशंटला डोळे मिटायला सांगायचं. तंतू सरळ उभा टेकवा, वाकेपर्यंत दाबा, एक-दोन सेकंदांत उचला. जागा तीन: अंगठ्याचा तळ, आणि चवड्यावर अंगठ्याखालचा व करंगळीखालचा उंचवटा. प्रत्येक जागी तीनदा विचारायचं, पण त्यातल्या एका वेळी तंतू टेकवायचाच नाही. तीनपैकी दोन उत्तरं चुकली, तर त्या जागेची संरक्षक संवेदना, म्हणजे इजा वेळीच कळवणारी जाणीव, गेली असं धरतात.

ही हुलकावणीच गर्दीच्या शिबिरात गाळली जाते. टेकवलं की 'कळलं का?', लगेच 'हो'; असा ताल जमला की बधिर पायसुद्धा पास होतो. घट्ट्यावर तंतू टेकवला तर उलटं होतं, चांगला पाय नापास! तंतू त्वचेवरून घासत नेला तरी निकाल बिघडतो. शिवाय नायलॉन थकतं. एकाच तंतूने ओळीने भरपूर पाय तपासले, किंवा आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत तो उघडा राहिला, की कमी दाबातच वाकतो. वाकडा झालेला तंतू सरळ टाकून द्यावा.

जोडीला, कंपन कळतं का हे बघायला, 128 हर्ट्‌झचा नादकाटा किंवा बायोथेसिओमीटर हे यंत्र हवं. या यंत्रात कंपन हळूहळू वाढवत नेतात आणि ते व्होल्टमध्ये मोजतात. 25 व्होल्टच्या वर गेल्यावरच जाणवलं, तर जखमेचा धोका जास्त. मात्र वयानुसार हा आकडा तसाही चढतो. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-12 जीवनसत्त्व तपासून घ्यावं, त्याच्या कमतरतेनेही पाय असेच बधिर होतात.

टाइप 2 मधुमेहात निदान होताच, टाइप 1 मध्ये निदानानंतर पाच वर्षांनी, आणि पुढे दरवर्षी ही तपासणी करायची.

मधल्या काळात घरच्या घरी सून किंवा नातूही बघू शकतो. आजोबांना डोळे मिटायला लावून दोन्ही पायांच्या अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना तर्जनी एक-दोन सेकंद नुसती टेकवायची. दाबायचं नाही, टिचकी नाही, न कळल्यास पुन्हा संधी नाही. सहापैकी दोन स्पर्श चुकले तर डॉक्टरांना दाखवा. आणि त्या दिवसापासून बूट घालण्याआधी आत हात फिरवून बघा, खडा पायाला कळणार नाही.