रतन टाटांनी खरंच ६६ टक्के संपत्ती दान केली का?

'रतन टाटा कमाईतले ६६ टक्के दान करतात, म्हणूनच ते श्रीमंतांच्या यादीत नसतात.' हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. आकडा बरोबर, पण माणूस चुकलाय.

टाटा समूहाची मुख्य कंपनी म्हणजे टाटा सन्स. तिचे सुमारे ६६ टक्के शेअर्स टाटा ट्रस्टांकडे आहेत, आणि ते रतन टाटांनी दिलेले नाहीत. मुख्य ट्रस्ट दोन. पहिला १९१९चा, जमशेदजींचे धाकटे पुत्र सर रतन टाटा यांच्या मृत्युपत्रातून उभा राहिलेला. (नावाचा घोळ इथेच होतो. हे सर रतन १९१८ साली वारले. आपले रतन टाटा जन्मले १९३७ साली.) दुसरा १९३२चा, थोरले बंधू सर दोराबजी यांचा. दोघांनाही मूलबाळ नव्हतं.

व्यवहार असा चालतो: टीसीएससारख्या कंपन्या टाटा सन्सला लाभांश देतात, टाटा सन्स आपल्या भागधारकांना देते आणि ट्रस्टांच्या वाट्याचा पैसा समाजकार्याला जातो. म्हणजे समूहाच्या नफ्यातले ६६ टक्के थेट दान होतात, हेही खरं नाही. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ साली उभं राहिलं ते दोराबजी ट्रस्टच्या पैशातून.

रतन टाटांचा स्वतःचा टाटा सन्समधला वाटा एक टक्क्याहून कमी होता. श्रीमंतांच्या यादीत वरच्या क्रमांकांवर नाव नसण्याचं कारण एवढंच, आणि माझ्या मते ते त्या मेसेजपेक्षा जास्त रंजक आहे. त्यांनी अनेक वर्षं या ट्रस्टांचं अध्यक्षपद सांभाळलं, हे श्रेय मात्र त्यांचंच.